नाव झाकलं तरी पक्षी ओळखू यावा

प्रश्न: मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातल्या मुलांसाठी गेल्या काही वर्षांत पक्षी, झाडं, पाऊस अशा विषयांवर 25 कविता लिहिल्या आहेत. त्यांचं रंगीत चित्रांचं पुस्तक करायची इच्छा आहे. कविता पुरेशा चांगल्या आहेत का हे कसं ओळखायचं? चित्रकाराला काय सांगायचं? छपाईत काय सांभाळायचं? नमुन्याला 'दयाळ' या कवितेचं पहिलं कडवं देते:

रंगीबेरंगी पंख तुझे,
गोड गोड तू गाशी गाणे;
निळ्या निळ्या आभाळामध्ये
उंच उंच तव येणेजाणे.

उत्तर:

ताई, आधी तुमच्या कानाबद्दल. चारही ओळी सोळा सोळा मात्रांच्या आहेत, कुठेही अडखळायला होत नाही, यमक ओढूनताणून आणलेलं नाही. मुलांच्या पुस्तकांचं संपादन करताना माझ्याकडे आलेल्या पुष्कळ कवितांमध्ये एवढंही नसतं. त्यामुळे लयीची काळजी सोडा. मला काळजी वाटते ती दयाळाची.

एक करून बघा. कवितेचं नाव झाका, हे कडवं वर्गात वाचा आणि हा कोणता पक्षी असेल ते विचारा. कुणी पोपट म्हणेल, कुणी मोर, कुणी फुलपाखरू म्हणेल. दयाळ कुणीच म्हणणार नाही आणि त्यात मुलांची काही चूक नसेल. दयाळ रंगीबेरंगी नाही. नर काळा-पांढरा आणि मादी काळ्याऐवजी राखाडी. तो आभाळात उंच भराऱ्याही मारत नाही. त्याचं बरंचसं आयुष्य कुंपण, अंगण, परसातली ओली जमीन इथेच जातं. ज्याच्यासाठी त्याला ओळखावं ती त्याची पहाटेची शीळ. चैत्र-वैशाखात उजाडायच्या आधीच घराच्या कोपऱ्यावर, विजेच्या तारेवर, झाडाच्या शेंड्यावर बसून तो जी शीळ घालतो, ती एकदा ओळखीची झाली की माणूस अंथरुणात पडल्या पडल्या सांगतो, दयाळ आला. ती शीळ तुमच्या कवितेत 'गोड गोड गाणे' होऊन गेली आहे. कोकिळाचं गाणंही गोड आणि बुलबुलाचंही गोड, मग दयाळाचं काय राहिलं?

माझी पक्ष्यांच्या कवितेची पहिली आणि जवळजवळ एकमेव परीक्षा हीच आहे. नाव झाकलं तरी पक्षी ओळखू आला पाहिजे. तुमच्याच मात्रांमध्ये, तुमच्याच चालीवर मी चार ओळी करून बघितल्या. त्या तुम्ही वापराव्यात असं नाही, फक्त फरक कळावा म्हणून देते:

डगला काळा, पोट पांढरे,
उभी शेपटी, तुरुतुरू फिरे;
पहाट होता तारेवरुनी
शीळ कुणाची येते कानी?

यात मोठी कविता नाही, पण चार गोष्टी बघितलेल्या आहेत. रंग, शेपटी उभी धरायची सवय, जमिनीवरची धावपळ, आणि पहाटेची तार. कोडं झाल्यामुळे नाव सांगायचं काम मुलांकडे गेलं. आपली मुलं उखाण्या-कोड्यांत वाढलेली असतात, त्यांना कवितेत नुसतं ऐकायला बसवण्यापेक्षा शोधायला लावलेलं जास्त आवडतं.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की 25 कविता घेऊन बसा आणि प्रत्येकीचं नाव झाकून वाचा. जिथे पक्ष्याच्या जागी दुसरा पक्षी बसवला तरी काही बिघडत नाही, ती कविता बाजूला ठेवा. फाडू नका. तो पक्षी तीन सकाळी नीट बघून या आणि मग तिच्याकडे परत जा. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी चिमणी, साळुंकी, कावळा, बुलबुल, होला यांना ती लागत नाही. वही मात्र न्या. रंग लिहू नका, ते पुस्तकात मिळतात. तो काय करतो ते लिहा.

आता चालीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्यासारखा कान असणाऱ्या माणसाला याचा फार उपयोग होईल. अंगणात चिमणी आणि साळुंकी शेजारी शेजारी दाणे टिपत असतील तेव्हा त्यांच्या पायांकडे बघा. चिमणी दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारत जाते. साळुंकी चालते, एकामागून एक पाय टाकत, शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांसारखी. कावळा चालतोही आणि मधूनच उडीही मारतो. मग या तिघांच्या कविता एकाच वृत्तात का असाव्यात? चिमणीची ओळ आखूड हवी, तुटक हवी:

टुणटुण उडी,
धुळीत बुडी,
पंख फुलवी,
उधळी पुडी.

सात-सात मात्रा. चिमणी धुळीत अंघोळ करते तेव्हा अंगाभोवती जो मातीचा भुरका उठतो तो डोळ्यासमोर ठेवून लिहिलं. चिमण्या धुळीत लोळल्या की पाऊस येतो असं आपल्याकडे आजी-आजोबा म्हणत आले, तेही पुढच्या कडव्यात येऊ शकेल. साळुंकीची ओळ मात्र लांब आणि सारख्या पावलांची हवी:

पिवळी चोच नि पिवळे पाय,
एक एक ते टाकत जाय;
गवतामधले किडे वेचते,
घाई कसली? घाई नाय!

मुलं हे म्हणताना आपोआप एकेक पाय टाकत वर्गात फिरायला लागतात. चिमणीचं म्हणताना उड्या मारतात. कुणी सांगावं लागत नाही. कवितेची चाल आणि पक्ष्याची चाल एक झाली की पाठांतराचं ओझं उरत नाही, अंगालाच ती पाठ होते. बगळ्याच्या कवितेत एका ओळीनंतर नुसतं थांबणं असू द्या. तो पाण्यात तसाच थांबतो. खंड्याच्या कवितेत तीन ओळी फांदीवर बसण्याच्या आणि चौथी एकाच शब्दाची असू द्या, सूर मारण्याची.

आवाजाचंही तसंच. 'किलबिल', 'चिवचिव', 'मंजुळ' हे शब्द इतके वापरून झालेत की ते कानात शिरतच नाहीत. आणि मराठीत तर तयार खजिना आहे. पावसाच्या तोंडावर पावशा ओरडायला लागला की शेतकऱ्याला तो 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणतोय असं ऐकू येतं. पक्ष्याचा आवाज, ऋतू आणि शेतातलं काम चार अक्षरांच्या पट्टीत बसलंय, कवीला त्यात भर घालायची गरज नाही, फक्त जागा करून द्यायची. तांबट तापलेल्या दुपारी एका तालात टुक् टुक् टुक् करत राहतो, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसं. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत तो खराखुरा ठोक ज्याने ऐकला असेल त्याला या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तांबट आवाज काढताना चोच मिटलेली ठेवतो, गळा फुगवतो आणि मान इकडून तिकडे वळवत राहतो, म्हणून आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून येतोय असं वाटतं. झाडाखाली उभं राहून त्याला शोधायचा खेळ मुलांना खेळायला लावा. पानात मिसळून जाणारा हा हिरवा पक्षी सापडेपर्यंत कविता तयार झालेली असेल.

तांबटावरून आणखी एक गोष्ट सुचवते. ती तुमच्या पुस्तकाची रचनाही होऊ शकेल. मराठी पक्ष्यांची नावं एका ओळीत म्हणून बघा: शिंपी, सुतार, तांबट, धोबी, कोतवाल, खाटीक, शिपाई बुलबुल, धीवर. अख्खा गाव झाला की! ही नावं कुण्या विद्वानाने टेबलाशी बसून दिलेली नाहीत. लोकांनी पक्षी काम करताना पाहिला आणि गावातलं तसंच काम करणारं माणूस आठवलं. शिंपी बोटभर पक्षी, पण मोठ्या पानाच्या कडांना चोचीने भोकं पाडून त्यातून कापसाचे, कोळिष्टकाचे, सालीचे धागे ओवतो आणि त्या द्रोणात घरटं बांधतो. धोबी पाण्याकाठी शेपटी खालीवर आपटत फिरतो. कोतवाल आपल्या झाडाच्या आसपास कावळा काय, घार काय, कुणाला फिरकू देत नाही, आणि त्याच्या या पहाऱ्याच्या भरवशावर होला, हळद्या यांसारखे गरीब पक्षी त्याच झाडावर संसार थाटतात. खाटीक नाकतोडे, सरडे बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो.

'पक्ष्यांचा गाव' या कल्पनेवर दहा-बारा कविता सहज उभ्या राहतील आणि पुस्तकाला आपलं असं रूप येईल. एवढंच जपा की कविता कामाची होऊ द्या, जातीची नको. शिंप्याची सुई, तांबटाचा ठोका, कोतवालाचा पहारा, यात कौतुक आहे. कुणाला हिणवणारा किंवा कुणाच्या मनाला लागणारा शब्द एकही नको, कारण त्या आडनावांची, त्या घरांतली मुलं तुमच्यासमोर बाकावर बसलेली असणार.

स्थानिक नावंही विचारून घ्या. भारद्वाजाला कुठे कुंभारकावळा म्हणतात, कुठे सोनकावळा. तुमच्या वर्गातलं मूल घरी भिली, वारली किंवा गोंडी बोलत असेल तर त्या भाषेतलं नाव आजीला विचारून आणायला सांगा. पुस्तकाच्या शेवटी एका पानावर ही नावं छापा. प्रमाण नावासाठी मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश हाताशी ठेवा, पण मुलाच्या घरातलं नाव चूक आणि कोशातलं बरोबर असं कधी होऊ देऊ नका.

आता खरेपणाबद्दल. कवितेला कल्पनेची सूट आहे, दयाळाला डगला घालता येतो, साळुंकीला घाई नाही असं म्हणता येतं. पण पक्षी जे करत नाही ते त्याच्या नावावर घालू नये. 'कोकिळा गाते' हे आपण इतक्या सहज लिहितो. वसंतात कुहू करत सूर चढवत नेतो तो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके, तिचा आवाज किक् किक् असा. 'कोकीळ गातो' लिहिलं तर एक मात्राही इकडची तिकडे होत नाही, मग बरोबरच का लिहू नये?

सुगरणीचं प्रकरण जास्त नाजूक आहे. खोपा विणतो तो नर. पावसाळ्यात त्याचा माथा पिवळाधमक होतो, गवताच्या किंवा शिंदीच्या पानाच्या चिरफळ्या काढून तो बाभळीच्या, शिंदीच्या टोकाला, शक्यतो विहिरीवर किंवा पाण्यावर झुकलेल्या फांदीला विणायला बसतो. अर्धा खोपा झाला, उलट्या टोपलीसारखा दिसायला लागला की माद्या बघायला येतात. पसंत पडला तर तो पुरा करतो, खाली नळी काढतो. पसंत पडला नाही तर तो अर्धाच लटकत राहतो. पण मराठीत 'सुगरण' हा शब्दच बाईचा, आणि बहिणाबाईंच्या कवितेने तो खोपा आईच्या मायेचा म्हणून आपल्या काळजात कायमचा बसवला आहे. त्या कवितेतली माया खरी आहे, तिला कुणी हात लावू नये. पण आज नव्याने लिहिणाऱ्याने विणणाऱ्या बाबाला जागा द्यायला हरकत नाही. अर्धा खोपा टांगून, पंख फडफडवत, कुणीतरी येऊन 'छान आहे' म्हणेल याची वाट बघणारा तो पिवळा विणकर मुलांच्या कवितेत मला अजून मनासारखा भेटलेला नाही.

खोप्याचीच एक चूक माझ्या हातून झाली होती ती सांगते. मी संपादन केलेल्या अगदी सुरुवातीच्या एका पुस्तकात चित्रकाराने खोपा काढला तो गोल चेंडूसारखा, वरच्या बाजूला वाटोळं दार, दारातून डोकावणारं पिल्लू. दिसायला फार गोड होता, मी लगेच मान्य केला. पुस्तक घेऊन एका खेड्यातल्या शाळेत गेले. दुसरीतला एक मुलगा त्या पानावर बोट ठेवून म्हणाला, "बाई, याच्यात पाऊस शिरंल की. पिल्लू भिजंल." त्याच्या शेतातल्या विहिरीवर खोपे होते. त्याला माहीत होतं की दार खाली असतं, नळीच्या टोकाला, पाऊस चढू शकत नाही अशा ठिकाणी. आम्ही दोघी शहरात बसून सुंदर चित्र काढत होतो आणि सात वर्षांच्या मुलाला आमच्या पिल्लाची काळजी वाटत होती. पुढच्या आवृत्तीत ते पान बदललं. तेव्हापासून एकही चित्र पक्षी जाणणाऱ्या माणसाला आणि किमान एका शेतातल्या मुलाला दाखवल्याशिवाय मी छापायला दिलेलं नाही.

कवितांच्या शेवटाबद्दल एक स्पष्ट सांगते. तुम्ही फक्त एक कडवं पाठवलंत, पण निसर्गकवितांचा अनुभव असा की शेवटच्या दोन ओळींत कवी हातात फलक घेतो. झाडे लावा, पक्ष्यांना जपा, पाणी वाचवा. तुमच्या 25 पैकी ज्या ज्या कवितेचा शेवट असा असेल तिथे शेवटच्या दोन ओळी झाकून वाचा. बहुतेक वेळा कविता तिथेच पुरी झालेली असते. ज्या मुलाने शिंप्याचं शिवलेलं पान पाहिलं आहे ते मूल कढीपत्त्याची फांदी ओरबाडताना एकदा आत डोकावेल, त्याला वेगळं सांगायला नको. आणि पिंजऱ्यातल्या पोपटाची कविता असेल तर ती काढाच. आपल्याकडचे पोपट पकडणं, विकणं, पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पिंजऱ्यातला मिठू गोड दाखवणारं चित्र मुलांच्या पुस्तकात नको. त्याऐवजी ज्वारीच्या कणसावर उलटा लटकलेला पोपट लिहा, तो कितीतरी गमतीचा आहे.

चित्रकाराकडे वळू. चित्रकार निवडताना त्याची पुरी झालेली चकचकीत चित्रं बघू नका. खिडकीतून दिसणाऱ्या पक्ष्यांची पाच-पाच मिनिटांत काढलेली रेखाटनं मागा. ज्याच्या वहीत चिमणीच्या मानेचे दहा कोन आहेत तो तुमचा माणूस. इंटरनेटवरचा एखादा फोटो समोर ठेवून तो जसाच्या तसा उतरवणारा नको. एक तर तो फोटो कुणाच्या तरी हक्काचा असतो, दुसरं म्हणजे पक्षी त्या एकाच क्षणात गोठतो. शक्य असेल तर तुम्ही आणि चित्रकार एकत्र एखाद्या आमराईत, पाणवठ्यावर सकाळी सहा ते नऊ बसा. कवितेच्या आणि चित्राच्या मागे एकच पाहिलेला पक्षी असेल तर पुस्तक जुळून येतं, नाहीतर पानावर दोन अनोळखी माणसं शेजारी बसल्यासारखी वाटतात. घरट्याच्या जवळ मात्र जाऊ नका, फांदी वाकवून बघू नका. चित्रासाठीही नाही, फोटोसाठीही नाही.

पायांकडे लक्ष द्यायला सांगा. चित्रांत सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. बहुतेक पक्ष्यांची तीन बोटं पुढे, एक मागे. पोपट आणि सुतार यांची दोन पुढे, दोन मागे. पक्ष्याचा जो गुडघा मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे, खरा गुडघा पिसांत लपलेला असतो. हे कळलं की बसलेला पक्षी एकदम जिवंत होतो.

आणि चित्राने कवितेची री ओढू नये. कवितेत 'डगला काळा, पोट पांढरे' आलं आहे, मग चित्रात पुन्हा तेच ढळढळीत कशाला? उजव्या पानावर कोड्याची कविता, चित्रात पहाटेचं निळसर अंगण, विजेची तार, आणि तारेवर अगदी लहानशी उभी शेपटी. पान उलटलं की दोन पानं भरून दयाळ, चोच उघडलेला. पान उलटणं हे सचित्र पुस्तकातलं सर्वांत मोठं वाद्य आहे, ते वाजवायला शिका. एखादं पान कवितेशिवाय, नुसत्या चित्राचंही ठेवा. माझ्या मनात फाल्गुनातल्या फुललेल्या पांगाऱ्याचं आहे. एकही पान नसलेलं लालभडक झाड, आणि त्यावर मध प्यायला जमलेल्या साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे, शिंजीर, सगळा गाव. मुलांनी बोट ठेवून एकेकाचं नाव घ्यावं.

आता पानांचा हिशोब, आणि इथे तुम्हाला वाईट वाटणार आहे. 25 कविता जास्त आहेत. चित्रांच्या पुस्तकाला 32 पानं हा सोयीचा आकार, कारण छपाईत 16 पानांचा एक फर्मा धरला तर दोन फर्म्यांत पुस्तक बसतं. त्यातली शीर्षकाची, श्रेयाची, शेवटच्या नावांची पानं वजा केली तर 28 उरतात, म्हणजे समोरासमोरच्या 14 जोड्या. एका जोडीला एक कविता, एक-दोन जोड्या नुसत्या चित्राच्या. तुमच्या 12 कविता मावतील. एका पानावर दोन-दोन कविता कोंबून 25 छापता येतात, पण मग चित्रं टिकलीएवढी होतात आणि पुस्तक स्वाध्याय-पुस्तिकेसारखं दिसतं. 12 निवडा. उरलेल्या पुढच्या पुस्तकाला.

निवड करताना कविता स्वतः वाचून दाखवू नका. आपली लय आपण आवाजाने सावरून घेतो. शेजारच्या वर्गाच्या बाईंना, एखाद्या पालकाला तयारी न करता वाचायला द्या आणि तुम्ही मागे बसा. वाचणारा जिथे थबकेल तिथे ओळीत खडा आहे. मुलांची नजर जिथे खिडकीबाहेर जाईल तिथे कडवं जास्त आहे. तिसऱ्या वाचनाला मुलं ज्या ओळी आपणहून म्हणायला लागतील त्या कविता पुस्तकात घ्या.

अक्षरं मोठी ठेवा, लहान मुलांसाठी 18 ते 20 पॉइंट. नव्याने वाचणाऱ्या मुलाला जोडाक्षर स्पष्ट सुटं दिसायला हवं, फार नटवा टाइप नको. मजकूर जुळवणाऱ्याकडून मराठी वळणाचा ल आणि श घेतलाय ना ते तपासा. अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळणाची अक्षरं आधी येतात, आणि तुमच्या मुलांनी फळ्यावर वेगळं वळण गिरवलेलं असतं. कवितेसाठी चित्रात शांत जागा राखायला चित्रकाराला सुरुवातीलाच सांगा, आभाळ, पाणी, भिंत अशी. झाडाच्या पानांच्या गर्दीवर छापलेली काळी अक्षरं मूल वाचत नाही. आणि दोन पानांच्या मधल्या शिवणीत पक्ष्याचा डोळा जाऊ देऊ नका, हे सांगायची वेळ येऊ नये पण येते.

रंगांचं एक दुखणं आधीच माहीत असू द्या. संगणकाच्या पडद्यावरचा पोपटाचा हिरवा आणि खंड्याच्या पाठीचा निळा जसाच्या तसा कागदावर येत नाही. पडदा प्रकाशाचे रंग दाखवतो, छपाई चार शाईंची असते, आणि झगझगीत हिरवा-निळा तिच्या आवाक्याबाहेर राहतो. तो मळकट होतो. चित्रकाराने सुरुवातीपासूनच छपाईच्या चार रंगांत काम करावं किंवा कागदावर जलरंगांत रंगवून चित्र नीट स्कॅन करून घ्यावं. शेजारच्या रंगांना थोडं मऊ केलं की तोच निळा उठून दिसतो, जुने चित्रकार हेच करत. छपाईला देण्याआधी त्याच कागदावरचं प्रूफ दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको. चकचकीत कागद टाळा, वर्गात उजेड पडला की अर्ध्या मुलांना पान दिसत नाही. मॅट कागद घ्या. दोन-तीनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते. हजाराच्या वर जायचं असेल तर ऑफसेट, कारण प्लेटचा खर्च एकदाच होतो आणि प्रती वाढतील तसा तो विभागला जातो.

कागदोपत्री दोन गोष्टी. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, तो मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका. आणि चित्रकाराशी करार लेखी करा, मैत्रीण असली तरी. मानधन एकरकमी की रॉयल्टीत वाटा, मूळ चित्रं कुणाकडे राहणार (माझ्या मते चित्रकाराकडेच), दुसऱ्या आवृत्तीचं काय, सगळं त्यात हवं. मुखपृष्ठावर तिचं नाव तुमच्या नावाशेजारी, त्याच आकारात. अशा पुस्तकाचे लेखक दोघं असतात.

राहिलं वेळापत्रक, ते पक्षीच ठरवतील. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. 5 तारीख चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, 12 तारीख डॉ. सालिम अलींच्या. शाळाशाळांत तेव्हा पक्ष्यांबद्दल बोललं जातं, पुस्तक यायला तो आठवडा चांगला. पण येत्या नोव्हेंबरची घाई करू नका. खोपा विणताना बघायचा असेल तर चित्रकाराला जून ते सप्टेंबर विहिरीवर बसावं लागेल. धोबी थंडीत पाण्याकाठी दिसतील. पांगारा फाल्गुनात. पावशा पहिल्या सरींच्या आगेमागे. म्हणजे बघण्यालाच एक वर्ष जाईल, आणि ते वर्ष वाया गेलं असं तुम्हाला वाटणार नाही. दयाळ हिवाळ्यात गप्प असतो, त्याच्या कवितेला चैत्रापर्यंत हात लावू नका. तोवर चिमणी, साळुंकी, कावळा आणि तांबट यांच्या कविता नाव झाकून वाचून बघा आणि ज्या चार टिकतील त्या मला पाठवा.